राखणीसाठी कुत्रा शोधताना

राजा गडग्याशी अडला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. 2019 चा एप्रिल, हापूसची तोड ऐन भरात. आमची बाग देवगड तालुक्यात, कातळावर टप्प्याटप्प्याने चढत गेलेली, आणि प्रत्येक टप्प्याला जांभ्या दगडांचा गडगा. वरच्या टप्प्यात वानरं उतरली म्हणून गुरख्याने हाळी दिली आणि राजा खालून धावत सुटला. सोळा महिन्यांचा जर्मन शेफर्ड, काळा-तांबूस झळाळता अंगरखा, भरलेली छाती, येणाराजाणारा थांबून बघेल असा. गडगा जेमतेम मांडीएवढा. त्याने पुढचे दोन्ही पाय वर टाकले, पण मागचे उचलेचनात. क्षणभर तसाच उभा राहिला, मग हळूच पाय खाली घेतले आणि माझ्याकडे बघत राहिला. तोवर वानरांनी दोन कलमांखाली कैऱ्यांचा सडा पाडला होता.

मला आधी वाटलं काटा रुतला असेल. पंजे उलटेपालटे करून बघितले, काही नव्हतं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. धावताना तो मागचे दोन्ही पाय जोडीने टाकायचा, सशासारखे. आम्ही सगळे त्याचं कौतुक करायचो. सकाळी पडवीतून उठताना आधी पुढचं अंग उचलायचा, जरा थांबायचा आणि मग मागचं. आम्ही म्हणायचो, आळशी आहे.

कोल्हापूरला नेऊन एक्स-रे काढला. भूल देऊन, उताणा झोपवून, मागचे पाय सरळ ताणून काढतात तो. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि बोटाने दाखवलं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत बसायला हवा, वाटीत लिंबू बसावं तसा. राजाची उजवी वाटी बशीसारखी उथळ होती आणि गोळा अर्धा बाहेर. डावीही फारशी बरी नव्हती. हिप डिस्प्लेशिया. "तुम्ही आंबेवाले ना," डॉक्टर म्हणाले, "साका माहीत आहे तुम्हाला. बाहेरून फळ एक नंबर, डाग नाही की सुरकुती नाही, आणि कापलं की आत पांढरट, आंबट गर. हे तसंच समजा." परतीच्या वाटेवर राजा मागच्या सीटवर भुलीत झोपलेला होता आणि मी गाडी चालवत रडत होते.

मी लगेच त्याच्या उतरत्या पाठीला दोष दिला होता. डॉक्टरांनी मला थांबवलं. उतरती पाठ आणि बिघडलेला खुबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सरळ पाठीच्या कुत्र्यालाही हा आजार होतो. आईबापाकडून येणारा भाग मोठा, पण बाकीचं घरात घडतं. त्यांनी राजाला काट्यावर उभं केलं तेव्हा 44 किलो भरले. जर्मन शेफर्डच्या नराचं वजन 30 ते 40 किलोंमध्ये असावं असं त्या जातीचं मानकच सांगतं. वाढत्या पिल्लाला भरपूर चारलं की हाडांवर नको तेवढा भार येतो, आणि आम्ही तर भात, मासे, दूध, वर पिशवीतलं खाणं असं सगळं घालत होतो. त्यात घर नवं बांधलेलं, गुळगुळीत लाद्या. तो दिवसभर त्यांवर घसरायचा. डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दलही सांगितलं. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर जन्मभर पाहिले होते. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा दुखायला लागले. हे मला पिल्लू आणतानाच कुणी सांगितलं असतं तर!

राजा मी 2018 च्या फेब्रुवारीत एका शहरातल्या ब्रीडरकडून आणला होता. "चॅम्पियन ब्लडलाइन" हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आजोबा-पणजोबांचे पदकं घातलेले फोटो दाखवले, केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा कागद दिला, मानेजवळची मायक्रोचिप दाखवली. मी बागेच्या राखणीसाठी नेतेय हे चार वेळा सांगितलं होतं. चार वेळा "एकदम बेस्ट" असं उत्तर मिळालं होतं. एक्स-रे आल्यावर फोन केला, तर म्हणाले, "शो लाइनचा कुत्रा आहे तो मॅडम, डोंगरात पळवायला नाही दिला," आणि फोन ठेवला. राग आला तो उर्मट उत्तराचा नव्हता. जे वाक्य मला पिल्लू घेण्याआधी ऐकायला हवं होतं ते चौदा महिन्यांनी ऐकायला मिळालं, त्याचा आला.

बाबांनी मात्र घरात एकच गोष्ट सांगितली. "ह्येका खंय देव नको. ह्येची काय चूक?" म्हणजे त्याला कुठे द्यायचं नाही. राजा घरचाच झाला. वजन उतरवलं, लाद्यांवर काथ्याच्या चटया टाकल्या, आणि समुद्र शांत असेल तेव्हा पहाटे त्याला पुळणीवर नेऊन पाण्यात पोहवायला लागलो. पाण्यात सांध्यांवर भार येत नाही. तो अजूनही पोहतो.

बागेची राखण तशीच राहिली होती. आंब्याला मोहोर आल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत वानर आणि माकड, आणि जमिनीलगत रानडुक्कर. वन्यप्राण्यांना इजा करायची नाही, हा कायदा आहे आणि माझ्या मनालाही ते पटतं. हाकलायचं फक्त. त्यासाठी माणसं लागतात आणि माणसं मिळत नाहीत.

आमच्या पंचक्रोशीत सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. सैन्याची कुत्री जिथे तयार होतात त्या मेरठच्या केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काढली. मी राजाची फिल्म घेऊन त्यांच्या खळ्यात गेले. त्यांनी ती नीट बघितली, परत पिशवीत घातली आणि विचारलं, "कलम घेताना काडी खंयच्या झाडाची ता बघतंस मां गो?"

बघते, म्हटलं. काडी कुठल्या झाडाची हे विचारल्याशिवाय कोण कलम घेतं? नुसतं "हापूस" म्हटलं म्हणून दर वर्षी धरेल, साका होणार नाही, असं थोडंच असतं.

"मगे कुत्र्याक कित्या नाय बघूक? आधी आवशीक-बापाशीक बघ, मगे पिलाक."

त्या दिवशी सुभेदारकाकांनी दोन तास समजावलं त्याचं सार असं. जातीचं नाव एकच असलं तरी आत दोन वेगळी घराणी झालेली असतात. एका घराण्यात, म्हणजे शो लाइनमध्ये, पिढ्यानपिढ्या जोड्या लावल्या त्या प्रदर्शनाच्या रिंगणात कोण उठून दिसतो, चाल कशी आहे, रंग किती गडद आहे हे बघून. दुसऱ्यात, म्हणजे वर्किंग लाइनमध्ये, लावल्या त्या कोण माग सोडत नाही, कोण आवाजाने बिचकत नाही, कोण दमला तरी काम टाकत नाही हे बघून. वीस-तीस पिढ्या असं झालं की शरीरही बदलतं आणि मनही. जर्मन शेफर्डमध्ये हे नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं. शो लाइनचा काळा-तांबडा, पाठ मागे उतरलेली, मागचे पाय खोल वाकलेले. वर्किंग लाइनचा बहुतेकदा लांडग्यासारखा करडा, पाठ सरळसर, अंगाने सुटसुटीत.

घरी येऊन मी मिळेल ते वाचायला लागले. जर्मन शेफर्ड ही जात ज्यांनी बांधली ते मॅक्स फॉन स्टेफानिट्झ घोडदळातले अधिकारी होते. 1899 मध्ये कार्ल्सरूअच्या प्रदर्शनात त्यांनी मेंढपाळी करणारा एक कुत्रा बघितला, तिथेच विकत घेतला आणि त्याचं नाव होरांड फॉन ग्राफराथ ठेवलं. वंशावळीच्या वहीत पहिला क्रमांक त्याचा. त्याच वर्षी जर्मन शेफर्डची संस्था सुरू झाली. उपयोग आणि बुद्धी, हे दोनच निकष स्टेफानिट्झ धरून होते. म्हणजे ही जात जन्मली प्रदर्शनात खरी, पण बघणाऱ्याची नजर कामावर होती. याचा विचार मी बरेच दिवस करत होते.

आणखी एक गोष्ट वाचली, त्यामुळे माझा सरसकट राग जरा निवळला. जर्मनीत त्या संस्थेच्या नियमांत राहून पैदास करायची तर शो लाइनलाही सुटका नाही. खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे हवेत, सायकलबरोबर 20 किलोमीटर धावायची परीक्षा हवी, आणि माग काढणं, आज्ञा पाळणं, हल्लेखोराला रोखणं अशी तीन अंगांची कामाची परीक्षाही हवी. तिला पूर्वी शुट्झहुंड म्हणायचे, आता आयजीपी म्हणतात. परीक्षेत काठावर पास होणारा आणि चमकणारा यांत फरक असतोच, पण चाळण तरी लागते. राजाच्या पणजोबाने यातलं सगळं केलं असेलही. त्याच्यानंतरच्या पिढ्यांमध्ये इथे कुणी काय तपासलं? वंशावळीचा कागद नावं सांगतो. खुबा कसा आहे, ढग गडगडले की कुत्रा पलंगाखाली शिरतो का, हे तो सांगत नाही. माझी चूक तिथे झाली होती. मी कागदाला हमीपत्र समजले होते.

2020 च्या जानेवारीत काका मला मुद्दाम घाटावरच्या एका डॉग शोला घेऊन गेले. रागाने बघायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. गेले ते बरं झालं. रिंगणात जर्मन शेफर्ड उभा करताना हँडलर त्याचा मागचा एक पाय पुढे घेतो आणि दुसरा मागे ताणतो, त्यामुळे पाठ आहे त्याहून जास्त उतरती दिसते. तोच कुत्रा रिंगणाबाहेर सहज चालताना बघितला तर तेवढा उतार नव्हता. न्यायाधीश ओठ उचलून दात बघतात, अंगावरून हात फिरवतात, परक्या माणसाचा हात असूनही कुत्रा हलत नाही. लाउडस्पीकरचा कर्कश आवाज, गर्दी, शेजारी पन्नास अनोळखी कुत्री, आणि तो काळा-तांबडा देखणा नर शांतपणे उभा. एक लहान मुलगी धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली तर त्याने फक्त तोंड वळवून तिचा कान हुंगला. ही शांतीसुद्धा पिढ्या निवडून आलेली आहे. माझ्या बागेला मात्र तिचा उपयोग नव्हता.

मग शोध सुरू झाला, आणि मध्येच कोविड आला, त्यामुळे तो वर्षभर फोनवरच चालला. मी वहीत प्रश्न लिहून ठेवले होते. आईबापांचे खुब्याचे एक्स-रे कुणी वाचलेत आणि काय श्रेणी आली? आई रोज काय काम करते? आधीच्या वेतातली पिल्लं आता कुठे आहेत, त्यांच्या मालकांशी बोलता येईल का? जमलं नाही तर पिल्लू परत घ्याल का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचा आवाज बदलायचा. एकाने तर तोच कुत्रा मला एका फोनवर शो लाइन आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या नंबरवरून वर्किंग लाइन म्हणून सांगितला. करडा रंग दिसला की वर्किंग म्हणायचं, एवढंच काहींना ठाऊक होतं. रंगावरून घराणं ठरत नाही. शो घराण्यातही करडी कुत्री असतात.

गावात यावर बरीच चर्चा झाली. गावठी का नको, हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आणि तो योग्य होता. आमच्याकडे दोन गावठी आहेतच, पहिली चाहूल तेच देतात. काटक आहेत, या हवेत मुरलेले आहेत. पण भुंकून झालं की ते आपल्या मर्जीने परत फिरतात, आणि मला सांगितलेलं ऐकणारा, टप्प्यामागून टप्पा धरून ठेवणारा कुत्रा हवा होता. मुधोळचाही विचार केला. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा हा शिकारी कुत्रा, 2005 मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण तो नजरेने सावज धरून मोकळ्या माळावर वाऱ्यासारखा सुटणारा. कलमांच्या गर्दीत आणि गडग्यांच्या उतरंडीत त्याची धाव वाया गेली असती.

2021 च्या ऑक्टोबरात पुण्याजवळच्या एका माणसाकडे पोचले. त्याच्याकडे तीनच माद्या. ज्या मादीची पिल्लं होती तिच्या वंशात झेक रक्त होतं, म्हणजे पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियाच्या सीमारक्षकांच्या कुत्र्यांचं. मादी जेमतेम 26 किलोंची, करडी, राजापुढे अगदी पोरगेली दिसेल अशी. बाहेर आली, एकदा माझा हात हुंगला आणि मालकाच्या हातातल्या चेंडूकडे बघत बसली. त्याने चेंडू मागच्या पडीक जागेत फेकला. उभं वाळलेलं गवत, जुन्या टायरांचे ढीग, फुटके पाइप. चेंडू कुठे पडला ते तिला दिसलं नव्हतं. ती शोधत राहिली. मी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं. एकदा टायरांच्या ढिगावरून घसरली, पुन्हा चढली. मध्ये रस्त्यावर ट्रकचा टायर फुटल्याचा मोठा आवाज झाला, तिने मान वर केली, ऐकलं आणि परत नाक खाली. चेंडू मिळाल्यावर शेपूट उंच करून आली. त्या अकरा मिनिटांत मला जे कळलं ते कुठल्या पदकाने सांगितलं नसतं.

आईबापांचे एक्स-रे त्याने फायलीतून काढून दिले. खुबा ए, म्हणजे सगळ्यात चांगल्या श्रेणीचा, कोपर निर्दोष. बाप दुसऱ्या शहरात होता, त्याचे कापलेले-जोडलेले नसलेले व्हिडिओ बघितले आणि त्याच्या मालकाशी बोलले. मग त्या माणसाने मलाच बसवून प्रश्न विचारले. दिवसाला किती वेळ देणार? तुम्ही की नोकर? पावसाळ्याचे चार महिने काय करणार? आंब्याचा हंगाम संपल्यावर तिने काय करायचं? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "ताई, हिला काम दिलं नाहीत तर ती स्वतःचं काम शोधेल, आणि ते तुम्हाला आवडणार नाही."

पिल्लं सात आठवड्यांची होती. त्याने एकेकाला अनोळखी खोलीत सोडलं. चिंधी दोरीला बांधून ओढली, पत्र्याचं ताट फरशीवर टाकलं. सगळ्यात धीट पिल्लू ताटाच्या आवाजासरशी त्यावर धावून गेलं. एक कोपऱ्यात गेलं ते बाहेर आलंच नाही. एक मादी दचकली, दोन पावलं मागे सरली, मग पुढे येऊन ताट हुंगलं आणि त्यात बसली. मला धीट हवं होतं. त्याने साफ नकार दिला. "ते पोलीस खात्याकडे किंवा कुत्र्यांच्या स्पर्धा खेळणाऱ्याकडे जाईल. तुम्हाला ताटात बसलेली." या वयातल्या परीक्षेवरून मोठेपणीचं सगळं कळत नाही, हेही त्यानेच सांगितलं. "म्हणून तर मी तुम्हाला आधी तिची आई दाखवली."

फोंडा घाट उतरताना ती माझ्या मांडीवर दोनदा ओकली. नाव तारा ठेवलं.

पुढचे आठ-नऊ महिने मी लिहिते आहे ते कुणी वर्किंग लाइनचं पिल्लू घ्यायला निघालं असेल त्याने जरूर वाचावेत. माझ्या मनगटांवर सुईसारख्या दातांच्या खुणा असायच्या. नव्या कलमांच्या ठिबकच्या नळ्या तिने तीन ठिकाणी कुरतडल्या. आंबे उतरवायच्या झेल्याची जाळी पळवून गडग्यामागे लपवली. आढीतला पेंढा उपसून पडवीभर केला. कोंबड्या दिसल्या की सगळ्यांना हाकत एका कोपऱ्यात गोळा करायची आणि त्यांना हलू द्यायची नाही. तिच्या खापरपणजांनी मेंढ्या राखल्या होत्या, ते रक्त कोंबड्यांवर चाललं होतं. राजा या वयात पायाशी झोपायचा. ही झोपायचीच नाही. एका रात्री मी काकांना फोन करून म्हटलं की माझी निवड पुन्हा चुकली. ते म्हणाले, "चुकली नाय. तुका इंजिन गावला, आता रस्तो दी."

मग रोजचं काम ठरवलं. पहाटे वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, एकही दिवस खाडा नाही. चेंडू ही तिची मजुरी. आधी खळ्यात लपवायचा, मग कातळावर, मग एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात. नाकाने शोधायला लावलं की ती जेवढी दमते तेवढी तासभर पळूनही दमत नाही. नंतर दहा मीटरची दोरी लावून रोज त्याच वाटेने बागेची हद्द फिरायची. गडग्याच्या आत शाबासकी, बाहेर पाय टाकला की दोरी थांबते. सर्वांत जास्त दिवस लागले ते शिट्टीवर थांबायला आणि परत यायला. तिला वानराला धरायचं नव्हतं, अंतर ठेवून भुंकायचं होतं. मोठ्या नर वानराचे सुळे कुत्र्याचं पोट फाडू शकतात. त्यामुळे शिट्टीवर वळणारा कुत्रा नसेल तर राखणीला सोडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

2022 च्या पावसाळ्यात गोचिडांनी गाठलं. दोन दिवस खाल्लं नाही, हिरड्या पांढुरक्या पडल्या, ताप. रक्त तपासलं तर गोचीडताप. औषधांनी वाचली, पण महिनाभर काम बंद. कोकणच्या दमट हवेत हे दुहेरी केसांचं जनावर पाळायचं तर दर पावसाळ्यात अंग बोटाने चाचपणं, कान कोरडे ठेवणं, बोटांच्या बेचक्या पुसणं हे करावंच लागतं. याबाबतीत राजा आणि तारात काही फरक नाही.

2023 च्या मार्चमध्ये, तारा अठरा महिन्यांची असताना, तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. तीच खोली, तसंच ताणून झोपवणं. त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. दोन्ही वाट्या खोल, दोन्ही लिंबं आत. माझे हात थरथरत होते.

त्याच हंगामात ती पहिल्यांदा पूर्णवेळ बागेत उतरली. वानरं यायची थांबली असं मी म्हणणार नाही. कळप येतो, गावठी भुंकतात, गुरखा हाळी देतो आणि तारा तीन गडगे एका दमात पार करून वरच्या टप्प्यात पोचते. झाडाखाली उभी राहून भुंकत राहते, कळप फांद्यांवरून पुढे सरकला की तीही खालून सरकते, हद्दीपर्यंत. तिथे शिट्टी वाजते, ती वळते, चेंडू मागायला येते. पहिल्या पंधरवड्यात वानरांनी एक गोष्ट हेरली. भर दुपारी उन्हामुळे आम्ही तिला मांगरात ठेवतो, मग ते बरोबर बारा ते तीनमध्ये यायचे. ती पाळी आता गुरखा करतो. रात्रीची राखणही तिच्याकडे नाही. आमच्याकडे बिबट्या फिरतो आणि त्याने वाडीतली कुत्री नेलेली आहेत, म्हणून दिवे लागायच्या वेळी सगळे पडवीच्या दाराआड. डुकरांसाठी कुंपणच लागतं, ते कुत्र्यावर टाकू नये.

हंगाम संपल्यावर काय, त्या प्रश्नाचं उत्तर आता सापडलंय. जून ते ऑक्टोबर ती माग काढायला शिकते. काका पावसाची उघडीप बघून शेतातून चालत जातात, तासाभराने मी तिला त्यांच्या पावलांवर सोडते.

यंदा शेजारच्या वाडीतलं एक जोडपं आलं. मुंबईहून निवृत्त होऊन गावी स्थायिक झालेले, दोघांचेही गुडघे दुखतात. त्यांना ताराची पिल्लं हवी होती. पिल्लं मी काढणार नाही हे सांगितलं, आणि काढली असती तरी त्यांना दिली नसती हेही सांगितलं. काकूंना वाईट वाटलं. मग त्यांना मी तिच्या पहिल्या नऊ महिन्यांचं सगळं सांगितलं, मनगटावरचे व्रण दाखवले, आणि विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवंय. सोबत हवी होती. संध्याकाळी पुळणीवर हळूहळू चालेल असा कुणीतरी.

लॅब्राडॉर घ्या म्हटलं, आणि शो घराण्यातला घ्या. लॅब्राडॉरमध्येही हीच दोन घराणी आहेत. कामाच्या घराण्यातला सडपातळ, लांब पायांचा आणि सतत पेटलेला. मुंबई पोलिसांचा जंजीर लॅब्राडॉरच होता. 1993 मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळ शेखाडीला, आरडीएक्स उतरवलं गेलं, आणि मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर न फुटलेली स्फोटकं हुंगून काढणाऱ्यांत तो होता. ते नाक आणि ती चिकाटी गुडघे दुखणाऱ्या दोन माणसांच्या घरात कोंडून ठेवण्यासारखी नाही. शो घराण्यातला लॅब्राडॉर अंगाने रुंद, डोकं मोठं, बहुधा शांत. पण भूक आवरत नाही हे आधीच सांगून ठेवलं. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये भुकेशी निगडित जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. खाऊच्या आशेने शिकणाऱ्या मदतनीस कुत्र्यांमध्ये तर तो पाऊणेक जणांत निघाला. तेव्हा वाटीने मोजून घालायचं, डोळ्यांत बघून नाही.

आईबापांचे एक्स-रे बघायला मी त्यांच्याबरोबर गेले. वहीतले प्रश्न काकूंनीच विचारले, एकेक करून, चष्मा लावून. पिल्लाची आई बाहेर आली आणि काकूंच्या यजमानांच्या दुखऱ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली ती आम्ही निघेपर्यंत.

गेल्या रविवारी आंब्याची पेटी द्यायला त्यांच्याकडे गेले होते. पिल्लू पाच महिन्यांचं झालंय. झोपाळ्याखाली पसरलं होतं, काकू भाजी निवडत होत्या आणि लाद्यांवर काथ्याच्या चटया टाकलेल्या होत्या.